पापणीवरचा बर्फ

४ फेब्रुवारी, मंगळवार
भाविकाच्या बाबांना, चंदरकाकांना, दुसरा डोस. तिची सकाळची शिफ्ट, म्हणून वेसाव्याहून बाइकवर मी नेलं. ती म्हणाली, "थँक्यू रे." बस्स! यावर अख्खा आठवडा काढेन.

काकांना थायमसचा कॅन्सर. लाखात एखाद्याला होतो म्हणे. औषधाची अजून चाचणी चालू आहे, म्हणून रोजचा त्रास हॉस्पिटलच्या छापील वहीत लिहायचा. काका म्हणाले, "तूच लिव रं विकी. माझं अक्षर म्हंजे चिंबोरी तिरकी चालल्यावानी."

५ फेब्रुवारी
थायमस म्हणजे छातीच्या हाडामागची पेशींची शाळा! आपलं कोण, परकं कोण, ते तिथे शिकवतात. शंभरातल्या चार-पाच पास, बाकीच्या तिथेच मरतात. मी सेकंड इयरलाच कॉलेज सोडलं — पेशी असतो तर खलास!

औषध या पेशींचा ब्रेक काढतं, म्हणजे त्या गाठीवर तुटून पडतात. चाचणीवाल्या डॉ. शीतल म्हणाल्या, "मग त्या आपल्याच स्नायूंवरही तुटून पडू शकतात. पापणी पडली, घास अडकला, धाप लागली — लगेच लिहायचं."

१९ फेब्रुवारी
संध्याकाळी काकांची डावी पापणी अर्धी खाली! मी पेन काढलं. त्यांनी मनगट धरलं. "लिवू नको. चाचणीतून भायेर काढतील. दुसरं औषध हाय कुठं? आन भाविकाला बोललास तर दारात उभा करनार नाय!"
डोकं सणकलं. तरी वहीत लिहिलं — त्रास नाही.

२५ फेब्रुवारी
तिसरा डोस. तपासणीत पापणी एकदम वर! कशी काय? बाहेर आल्यावर काका हसले. "मावरं ताजं कशानं ऱ्हातं रं?" थर्मासमधून बर्फ आणला होता. नंबर लागायच्या आधी संडासात जाऊन डोळ्यावर धरला!

२७ फेब्रुवारी
पण बर्फाने पापणी वर येते का? दोन दिवस तेच वाचतोय. वाट लागली यार — डॉक्टर नेमका असाच बर्फ ठेवून बघतात! पापणी वर आली, तर नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाहीये. काका लपवायला जे करतात, तीच तपासणी. पुढे श्वासाचे स्नायूही जाऊ शकतात.

१ मार्च
काकांचा चहा नाकातून आला. त्यांच्यासमोरच डॉ. शीतलना फोन लावला. काका ओरडायला गेले. आवाज नाकातच राहिला.

४ मार्च
आयसीयू. श्वास ठीक. औषध कायमचं बंद.
भाविका: "दहा दिवस माहीत होतं तुला?"

११ मार्च
स्कॅन आला. गाठ निम्मी झालीय. औषध लागू पडत होतं.
भाविकाने रिपोर्ट दोनदा वाचला, माझ्या हातात दिला. "बाबांना तू सांग."