बाहेर बसलेल्यांचा दम

८ फेब्रुवारी १९५९

काल पुण्याला जाऊन आलो. डॉक्टरांनी यांच्या छातीला नळी लावली, मग पाठीला, मग पुन्हा छातीला. दुसऱ्यांदा छातीला लावली तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी आहे. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का, असं विचारलं. यायचा म्हणे, दोन पावसाळे अंथरुणाला खिळून होते. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मला हे माहीत नव्हतं!

तेव्हाच हृदयाची झडप बिघडली असणार, असं डॉक्टर म्हणाले. काम काय करता? भातशेती. आणखी? तर हे छाती काढून सांगतात— हुतूतू खेळतो, गावच्या संघाचा कारभारी हाय!

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दम कोंडायचा खेळ? आजपासून बंद. एखाद्या दिवशी दम कोंडाल आणि तिथंच आडवे व्हाल."

पौडपर्यंत एस.टी.नं आलो. उतरल्यावर म्हणाले, "कुणाला सांगायचं न्हाई. तुला माझी शपथ हाय." स्वतःची शपथ! दुसऱ्या कशाची घालता आली नसती? मोडली तर यांच्या जिवाला, पाळली तरी यांच्याच जिवाला.

११ फेब्रुवारी

सराव सुरू झाला. काय ते डॉक्टर आणि काय ती झडप! भाताची कामं उरकली, आता जत्रेपर्यंत गावाला दुसरं सुचायचं नाही. मैदान नेमकं शाळेपुढं. मी खिडकीपाशी चौथीचा वर्ग घेते आणि कान बाहेर.

लग्न होऊन आले तेव्हा मला हा खेळ म्हणजे वेडाचार वाटायचा. मोठा माणूस, समोरच्यांच्या पटात 'हुतूतू' करत शिरतो, दम असेतो गडी शिवतो, दम संपायच्या आत रेघेपलीकडं परत. पण आता यांचा आवाज शंभरात ओळखते. आज तो लांबत गेला, लांबत गेला— मी टेबलाची कड धरून उभी. मुलांनी सत्ताविसाचा पाढा चुकीचा म्हटला आणि मी शाबास म्हणाले.

१२ फेब्रुवारी

आजही जिवंत परत आले. काय हे लिहायचं वाक्य! पण आज एवढंच.

१५ फेब्रुवारी

भांडून झालं. रडून झालं. अबोला धरून झाला, पण तो यांना कळलाच नाही. म्हणतात, शेवटची चढाई दुसरा कोण करील? आपले गडी सगळे बाद होऊन दोघे-तिघे उरले की जो आत जातो, त्याच्यावर डाव. इतकी वर्षं तो मान यांचा. गेल्या वर्षी धरणापलीकडच्या संघाकडून हरलो, तेव्हापासून तर हे इरेला पेटलेत. आता बसलो तर म्हणतील, हारला म्हणून भ्यायला.

म्हणजे दुसरा कोणी तयार असेल तर? राखीव गडी आहेत तीन. मुलांना पास-नापास करून माझी हयात गेली, या तिघांना बघायला काय हरकत आहे? उद्यापासून नीट बघणार. देवा, एक तरी पास होऊ दे.

१८ फेब्रुवारी

भिवाजी. वय झालंय, पण डोकं चालतं. समोरचा कुठल्या पायावर उभा आहे ते बरोबर हेरतो. पण बिडी! रेघ ओलांडतो आणि हुतूतूचं नुसतं फुस्स होतं. बाहेर बसून मात्र सगळ्यांना शिकवतो.

नथू. अंगानं रेडा. तिघांना ओढत आणील. पण आत गेला की परत यायचं असतं हेच विसरतो. शिवाय कोण बघतंय याकडे लक्ष फार. आज पाणवठ्यावरून दोघीतिघी निघाल्या आणि हा बाद.

नापास, नापास. तिसऱ्याकडे आज बघवलं नाही. तोही तसलाच निघाला तर काय करू?

२० फेब्रुवारी

तिसरा पिराजी. माळावर मेंढरांचा वाडा आहे त्याचा. त्याला फारसं कोणी आत घेत नाही. मेंढक्याचा काय भरवसा, जत्रेला कुठल्या डोंगरावर असेल, असं तोंडावर बोलतात. तो घोंगडी घालून कडेला बसून राहतो.

आज सहज म्हणून त्याला आत सोडला. मी खडू हातात धरून उभीच राहिले. या डोंगरावरून त्या डोंगरावर हाका घालणारा माणूस! आवाज चढत नाही, पडत नाही, घाई नाही. दोघांना शिवून चालत आल्यासारखा परत आला, आणि पुन्हा घोंगडीवर जाऊन बसला. कुणी पाठ थोपटली नाही.

मी वर्गात साखर वाटणार होते. नव्हती म्हणून राहिलं.

२३ फेब्रुवारी

हे विहिरीवरून आले आणि उंबऱ्यातच बसले. ओठ निळसर.   दोघंही उगाच गोठ्याच्या कुडाबद्दल बोलत बसलो.

२ मार्च

आज जेवताना धीर करून विषय काढला. काकुळतीला येऊन यांच्यापुढं काही होत नाही, टोचावंच लागतं. मी म्हणाले, ज्या कारभाऱ्याला दर वेळी स्वतःच आत जावं लागतं, त्यानं इतक्या वर्षांत एक गडी तयार केला नाही असाच अर्थ होतो. यांचा घास हातात राहिला. फार लागलं. लागू दे.

शेवटी यांनीच विचारलं, "तुझ्या मतं कोण?"

पिराजी, मी म्हणाले. भिवाजी कुठं कमी पडतो, नथू कुठं, तेही सांगितलं. हे हसायला लागले. मास्तरीण खिडकीतून पोरं राखते का गडी, म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

९ मार्च

झालं! काल संध्याकाळी देवळापुढं सगळ्यांसमोर यांनी पिराजीच्या हातात नारळ दिला. शेवटची चढाई पिराजीची, कारभारी बाहेर बसून डाव चालवणार. भिवाजी फुरंगटला, नथू नुसता बघत राहिला. पिराजीनं नारळ कपाळाला लावला. त्याची बायको बानूबाई आज शाळेवर दूध घेऊन आली, मी नको म्हटलं तरी. म्हणाली, "आता आमास्नी गावात धरत्याल." आणि डोळ्याला पदर लावला.

मला वाटलं होतं आज भीती जाईल. थोडी गेली.

१४ मार्च

हे बाहेर बसतात. आवाज पिराजीचा येतो. मुलांचे पाढे बरोबर.

२५ मार्च

नीट लिहिते. 

होळीनिमित्त वरच्या वाडीच्या संघाशी सामना होता. शाळेला सुटी. जाऊबाईंना— गोजराबाईंना— घेऊन मी वर्गाच्या खिडकीत बसले. इतके दिवस शिकवता शिकवता आत जाणाऱ्यावरच नजर असायची. आज पहिल्यांदा निवांत बघत होते. पिराजी आत शिरला आणि मी कौतुकानं यांच्याकडे पाहिलं. हे रेघेबाहेर मांडी घालून बसलेले. गाल ताठ, गळ्याच्या शिरा तट्ट, डोळे पिराजीवर. शेजारी भिवाजी तसाच. बाहेरचे बाकीचेही तसेच. पिराजी परतला तसे सगळ्यांनी एकदम श्वास सोडले.

हे काय, मी जाऊबाईंना विचारलं.

"अगं, भायेरचं दम धरत्यात. आपला गडी आत हाय तवर भायेरच्यानं श्वास सोडायचा न्हाई, आपल्या गावची रीतच हाय. बाकीच्यांचं ऱ्हाऊ दे, कारभाऱ्यानं तर धरायलाच पायजे."

मग नथू आत गेला. यांनी दम धरला. मग दुसरा. यांनी धरला. मग पुन्हा पिराजी, ज्याचा दम संपता संपत नाही— मीच निवडलेला! आत खेळत होते तेव्हा फक्त स्वतःच्या चढाईला दम कोंडायचे. आता गावाच्या प्रत्येक गड्याबरोबर कोंडतात. मी केलं हे. मी, शहाणीनं.

डाव जिंकलो. घरी आले तेव्हा चेहरा राखेसारखा होता.

२६ मार्च

विनवलं. बाहेर बसून नुसते गाल फुगवा, खोटा दम धरा, कोणाला कळतंय?

"आतला माझ्या भरवशावर गेलाय. अन् मी भायेर श्वास घेत बसू?"

एवढंच बोलले आणि बैल सोडायला गेले. मला राग यायला हवा होता. उलट असा माणूस आपल्याला मिळाला या विचारानं भरून आलं, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली.

६ एप्रिल

सरावात भिंतीला टेकून बसले होते म्हणे. ऊन लागलं असं सगळ्यांना सांगितलं. नथूनं कांदा आणून दिला हुंगायला. कांदा!

१५ एप्रिल

मी नवस बोलले. कुणाला, काय, ते इथंही लिहीत नाही.

२१ एप्रिल

शपथ मोडली.

परवा जत्रा, परवाच धरणापलीकडच्यांशी सामना. ते काही वरच्या वाडीसारखे नाहीत, डाव लांबणार. मी शाळा सुटल्यावर माळावर गेले. बानूबाई चुलीशी होती, पिराजी कोकराच्या खुरातला काटा काढत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. झडप, डॉक्टर, आडवे व्हाल— सगळं. का सांगितलं ते मलाही धड माहीत नाही. त्यानं यांना समजवावं म्हणून असेल. एकटीनं आता पेलत नव्हतं, हेच खरं.

त्यानं कोकरू सोडलं. "कारभारी भायेर बसून दम धरत्यात, त्यो बी बाधतोय?"

तोच बाधतो, मी म्हणाले.

"मी सांगून ऐकायचं न्हाईत ते."

"नाही ऐकायचे."

"बरं," म्हणाला.  मग बानूबाईला म्हणाला, बाईंना वाटेपर्यंत सोडून ये.

सगळी वाट मला वाटत होतं, घरी पोचेन तर ओटीवर माणसं जमलेली असतील. शपथ मोडली ना मी! हे ओटीवर बसून दोर वळत होते. किती उशीर, म्हणून ओरडले. इतकं बरं वाटलं ते ओरडणं.

२३ एप्रिल

सकाळ. हलगी वाजायला लागली. यांनी न्हाऊन धुतलेला सदरा घातला, भैरोबाचा अंगारा लावला. मला म्हणाले, येतो. मी 'सावकाश' म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. खिडकीत बसायचं धाडस होत नाही, घरात बसायचंही होत नाही. जाऊबाई हाका मारतायत. जाते.

२४ एप्रिल

हरलो.

त्यांचे दोघे उरले होते, आमचा एकटा पिराजी. साऱ्या डावात तो आत जाऊन जेमतेम रेघ ओलांडायचा आणि रिकाम्या हातानं लगेच परत यायचा. लोक ओरडत होते. शेवटच्या वेळी चार पावलं आत गेला, उभा राहिला आणि दम सोडून दिला. त्याला कुणी धरलं नव्हतं. कुणी जवळही नव्हतं.

गाव त्याच्या अंगावर धावून गेलं. मेंढक्या फितूर झाला म्हणतात. यांनी चारचौघांत सांगितलं, याला पुन्हा मैदानावर पाय ठेवू देणार नाही. सांगताना आवाज खणखणीत, चेहऱ्यावर रक्ताचा तजेला. मी शेजारीच उभी होते. मला तोंड उघडता आलं नाही.

आज सकाळी पिराजी वाडा मोडून मेंढरं घेऊन निघाला. बानूबाई पुढं गेली, माझ्याकडं बघितलं नाही. तो आमच्या दारावरून जाताना थांबला.

"बाई, कारभारी रातीचं जेवलं का?"

"जेवले," मी म्हणाले.

"मंग झालं," म्हणाला, आणि मेंढरांमागं गेला.