लाँड्रीच्या भिंतीवरची एल्विरा

३ मार्च २०१६, सकाळ
आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही. निदान मी मेल्याशिवाय.
एका प्रॉपर्टी कंपनीच्या मिस हॉलोवेचा फोन आला. आमच्या कोपऱ्यावरची लाँड्रीची तीनमजली इमारत, वरच्या बावीस भाडेकरूंसकट, त्यांनी विकत घेतलीय. तिच्या बाजूच्या भिंतीवरचं माझं चित्र 'अत्यंत महत्त्वाचं' आहे म्हणाली. माझ्या कलेवरचे प्रभाव जाणून घ्यायचेत.
या फोनची अडतीस वर्षं वाट पाहिली. तरी तीन रिंगा वाजू दिल्या.

७ मार्च
प्रभावांची यादी केली. १) मेक्सिकोचे थोर भित्तिचित्रकार. (पुस्तकातच पाहिलेत. प्रभाव पडायला तेवढं पुरतं.) २) अॅझ्टेक शिल्पं. ३) विश्व.
चेलोने यादी वाचली. मोठी बहीण, वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट, त्यामुळे वाचायची खोड. म्हणाली, "आणि तोन्योमामाचं गॅरेज? गाड्यांच्या बॉनेटवर ज्वाळांची चित्रं काढून काढून हात बसला ना तुझा? विश्व कधी शिकवायला आलं?"
गॅरेज घातलं नाही. पण तिच्या सांगण्यावरून ४) घातला: दोन्या एल्विराचं गाणं. (दोन्या म्हणजे बाईसाहेब; अख्खी गल्ली तिला तसंच म्हणते.) १९६५ साली पूर्व लॉस एंजेलिसच्या प्रत्येक गाडीच्या रेडिओवर ते वाजायचं. मी अकरा वर्षांचा होतो. पुढे तेच कॅसेटवर लावून ही भिंत रंगवली. माइक धरलेली पंचवीस फुटी बाई म्हणजे तीच. आता एकाहत्तर वर्षांची आहे आणि त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या चित्राच्या डोक्यामागे राहते.

१५ मार्च
मिस हॉलोवेबरोबर लंच. सव्वा तास प्रभावांवर बोललो. तिने एक अक्षर लिहून घेतलं नाही. ऐकण्यात इतकी गुंग.
मग अकरा पानी करार. फॉर्मॅलिटी आहे, म्हणाली. चाळला. सही केली, खाली आडवी रेघ मारून. पेनाला टोपण लावेपर्यंत कागद तिच्या बॅगेत गेलेसुद्धा. कामाला वाघ आहे.

२ एप्रिल
हेल्मेटवाले चार जण भिंतीवर बारक्या हातोडीने टकटक करून कान लावून ऐकत होते. फुटपाथवर लाल फुल्या मारल्यात. चित्रावर दिवे सोडणार असणार. एकाला सांगितलं, उजेड डावीकडून हवा. तो म्हणाला, ओके सर. सर!

१९ एप्रिल
लाँड्री बंद. शेजारची बेकरीही. फिदेन्सिओ बेकरीवाला ओव्हन ट्रकमध्ये चढवत होता. विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू तरी इथेच राहा बाबा."
राहणारच. माझ्या चित्राचं म्युझियम करायचं तर कंपनीला खाली जागा मोकळी लागणार.
भिंतीच्या पायथ्याशी गॅसचा वास येतो. सगळ्यांना येतो, मला नाही.

८ मे
चर्चच्या हॉलमध्ये भाडेकरूंची सभा. मला पहिल्या रांगेत बसवलं. दोन्या एल्विरा उभी राहिली. आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो.
म्हणाली, "कंपनीला इमारत पाडायचीय. पण चेलोच्या वकिलांना विचारलंय. चित्रकाराने स्वतः लेखी हक्क सोडल्याशिवाय त्या भिंतीला हात लावता येत नाही. म्हणजे आपली बावीस घरं आज अन्सेल्मोच्या चित्राला टेकून उभी आहेत."
टाळ्या. लोक उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा.
मागून कुणीतरी विचारलं, "अन्सेल्मो, कसल्या कागदावर सही नाही ना केलीस?"
मी माइक घेतला आणि माझ्यावरच्या प्रभावांवर चाळीस मिनिटं बोललो. तोन्योमामाचं गॅरेजसुद्धा सांगितलं. काहीजण रडले.

९ मे
कराराची प्रत शोधली. मला दिलीच नव्हती.
निश्चय: मिस हॉलोवेला गाठून कागद परत मागायचा. सभ्यपणे.

११ मे
फोन मशीनवर गेला. निरोप ठेवला. शेवटी चित्राची लांबी-रुंदीही सांगून ठेवली, कॅटलॉगला लागेल.

१६ मे
रस्त्यावर सगळे हसून बघतात. न्हाव्याने रांग मोडून आधी खुर्चीत बसवलं. दाढी करताना म्हणाला, "तुझ्यामुळे झोप लागते आम्हाला." वस्तरा गळ्यावर होता. मान हलवली नाही.
चेलोला सांगायचं ठरवलं. जेवताना. जेवण छान झालं होतं, कशाला मूड घालवा. उद्या.

२० मे
उद्या.

२४ मे
कंपनीची पत्रं आली. बावीस दारांवर. प्रत्येकाला माझ्या सहीची झेरॉक्स जोडलेली. आडवी रेघ स्पष्ट उमटलीय.
चेलो ऑफिसातून आली ती कोट न काढताच समोर बसली. म्हणाली, "फसवलं का तुला त्यांनी? तेवढं सांग. फसवलं असेल तर अजून भांडता येईल. साहेब केस घेतील."
मी म्हणालो, हो, फसवलं. वाचायला वेळच दिला नाही.
ती मला मिठी मारून रडली. केस जिंकणार. या केसमुळे चित्राचं नाव देशभर होईल.

९ जून
साहेबांच्या केबिनमध्ये, मला फसवलं असं शपथेवर लिहून द्यायचं होतं. सोबत दोन्या एल्विराही आली, चांगले कपडे घालून. साहेबांनी कंपनीकडून मागवलेला करार पुढे ठेवला. सातव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं आहे: 'पाडण्याआधी फोटो चांगल्या कॅमेऱ्याने काढावेत.'
साहेब म्हणाले, "हे अक्षर कुणाचं?"
चेलो गेली पन्नास वर्षं माझं अक्षर ओळखते.

१८ जुलै
सकाळी नऊला सुरू केलं. अकराला भिंत नव्हती.
दोन्या एल्विराला न्यायला बेकर्सफील्डहून मुलगी आली होती. बॅगा मी उचलल्या, तिने उचलू दिल्या. गाडीत बसण्याआधी दोन्या एल्विराने विचारलं, "वाचलं होतंस. मग सही का केलीस रे?"
मी म्हणालो, वाटलं नव्हतं खरंच पाडतील. इतकं चांगलं चित्र.
हे खोटं होतं. सातवं पान वाचताना मला एवढंच वाटलं होतं की अडतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझी सही मागतंय.
तिने काच वर केली. चेलो तीन आठवड्यांपासून मावसबहिणीकडे आहे. जेवायला काही केलेलं नाही.