दोनशेची लेन्स आणि न दिसणारे पाय

सुरुवातीलाच एक तक्रार नोंदवून घ्यावी, म्हणजे पुढचं शांत चित्ताने लिहिता येईल. लेन्सची झाकणं जातात कुठे? तीस वर्षांत माझी एकही लेन्स हरवली नाही, झाकणं मात्र एकेचाळीस गेली. खिशात ठेवलेलं खिशात नसतं, बॅगेत ठेवलेलं बॅगेत नसतं, आणि नवीन विकत आणलं की त्याच संध्याकाळी सोफ्याखालून एक जुनं निघतं, तेही भलत्याच मापाचं. ज्या विश्वात एवढंसं झाकण जागेवर राहत नाही, तिथे मी आपल्या पश्चात वस्तूंची व्यवस्था लावायला बसलो आहे, याची वाचणाऱ्याने नोंद घ्यावी.

तर मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौपन्न, एका दैनिकाच्या क्रीडा पानाला बातम्या आणि फोटो पुरवणारा वार्ताहर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि कोणी गोड बोलून लिहायला बसवलेलंही नाही; आमच्या घरात गोड बोलण्याची पद्धतच नाही. प्रकृती बरी. बुद्धी शाबूत असल्याचं वकीलबाईंनी पाहून घेतलं. मी म्हणालो, "शाबूत आहे, पण गोंधळलेली आहे." त्या म्हणाल्या, "गोंधळ चालतो. कायद्याला फक्त वेड चालत नाही."

पत्नीने विचारलं, "एवढ्यात कशाला? कुठे निघालात?"

"मी कुठे निघत नाही. सोमवारपासून जुनं मैदान पाडणार आहेत."

"मग मृत्युपत्र मैदानाने करावं की."

तिचं बरोबर आहे. पण मैदान, एक जुना फोटो आणि मी, यांचं त्रांगडं सोमवारच्या आत सोडवायला हवं, आणि सोडवताना माझं काही बरंवाईट झालं तर ते कुठेतरी लिहिलेलं असावं. माझे वडील संस्कृत शिकवत. ते सांगत की लोहाराकडे सुई आणि कढई दोन्ही कामं आली तर त्याने आधी सुई करावी. सुईवाला ताटकळत नाही आणि कढईला निवांत वेळ मिळतो. त्याला सूचीकटाहन्याय म्हणतात. त्या न्यायाने आधी सुया.

कलम १. राहतं घर आणि बँकेत जे असेल ते पत्नीला. फोटो धुण्याची अंधारी खोलीही तिचीच. ती तिने लग्नानंतर तिसऱ्या दिवशी शिलाई मशीनसाठी मागितली होती. अर्ज सत्तावीस वर्षांनी मंजूर करत आहे. खिडकीवरचा काळा कागद तिनेच काढावा. मला बघवणार नाही.

कलम २. माझी लोखंडी पट्टी आणि मोठी कात्री क्रीडा पानाच्या निवृत्त उपसंपादकांना. त्यांनी हयातभर माझे फोटो कापले. उंच उडीतला बांबू कापला, गोलंदाजाच्या हातातला चेंडू कापला, एकदा तर पोहण्याच्या शर्यतीतलं पाणी कापलं. स्वतःचं अवजार नसल्यामुळे त्यांना ते नीट जमलं नसावं, एवढाच या देणगीमागचा हेतू.

कलम ३. पन्नासची आणि पंच्याऐंशीची लेन्स पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढते. तिने काढलेल्या फोटोंत माणसं अजून तोंड उघडूनच बसलेली असतात, पण तो संगतीचा दोष आहे, जाईल. तिला सोबत काही सांगणं आहे.

बाळ, चेहऱ्यासाठी पंच्याऐंशीचीच घे. रुंद लेन्स घेऊन माणसाच्या अंगावर गेलीस तर त्याचं नाक आधी येतं आणि माणूस मागाहून येतो. जवळच्या डोळ्यावर फोकस धर. तो नीट असला की बाकीचा चेहरा धूसर असला तरी लोक माफ करतात. "हसा" कधी म्हणू नकोस. "झालं, धन्यवाद" म्हण आणि कॅमेरा डोळ्यावरून काढू नकोस. पुढच्या सेकंदाला माणूस खांदे सैल सोडतो, तोच त्याचा खरा फोटो.

खेळाचं उलटं आहे. तिथे माणूस तुझ्यासाठी थांबत नाही. शटर हजाराच्या वर ठेव आणि चेंडूच्या मागे धावू नकोस. चेंडू कुठे येणार ते खेळाडूच्या चेहऱ्यावर आधी दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅमेरा उचलण्याआधी खाली बघ. आपले पाय कुठे आहेत ते आधी, लेन्स कोणती ते नंतर.

कलम ४. दोनशेची लेन्सही पुतणीलाच.

कलम ४ रद्द. ती लेन्स शनिवारी लागणार आहे. आता कढईला हात घालतो.

वरचं पायांचं वाक्य मी पुतणीला गेल्या महिन्यात त्यांच्या घरी, त्यांच्या बैठकीच्या खोलीत ऐकवलं. समोर भिंतीवर तिच्या बापाचा फोटो होता: विभागीय स्पर्धा, चारशे मीटर, शेवटचं पाऊल, छाती पुढे, तोंड वेडंवाकडं. एकोणतीस वर्षांपूर्वी मी काढलेला. तिने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, मग इथे तुमचे पाय कुठे होते?"

"रेषेवर."

"फोटोत रेषा कुठे दिसते?"

दिसत नाही. फोटो कमरेपासून वर आहे. मी दोनशेची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावली होती, कारण मला चेहरे हवे होते. शर्यत चालू होती आणि मी व्यक्तिचित्र काढत होतो.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या शर्यतीत दोघे एकदम आले. तिसऱ्या पट्ट्यात एक उंच मुलगा होता, त्याला मैदानावर सगळे शिडी म्हणत. सहाव्या पट्ट्यात आमचा धाकटा. निकाल सांगणारं यंत्र त्या काळी आमच्या मैदानावर नव्हतं. चार पंचांपैकी दोघे म्हणाले शिडी, दोघे म्हणाले धाकटा. मुख्य पंच माझ्याकडे आले. तासाभरात मी फोटो धुऊन आणला. फोटोत धाकटा वीतभर पुढे होता. पंचांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "रेषेवरच उभे होता ना?"

मी म्हणालो, "हो."

धाकट्याला सुवर्णपदक मिळालं, पदकावर शाळेत क्रीडाशिक्षकाची नोकरी मिळाली, नोकरीवर लग्न झालं, आणि लग्नातून वरचा प्रश्न विचारणारी पुतणी झाली. शिडीला रौप्य मिळालं. तीच जागा त्यालाही हवी होती. तिथे रौप्य चाललं नाही. तो आता फोटोंच्या चौकटी बनवतो. उत्तम बनवतो. धाकट्याच्या भिंतीवरच्या त्या फोटोची चौकटही त्याच्याच हातची आहे, आणि ती करायला त्याच्याकडे मीच दिली होती. त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही, यावरून बुद्धी किती शाबूत होती ते ठरवावं.

आता फोटोचा स्वभाव. मी आतल्या बाजूला होतो, म्हणजे तिसरा पट्टा मला जवळचा, सहावा लांबचा. मी नेमका रेषेवर असेन तर फोटो खरं बोलतो. पण मी रेषेच्या तीनचार पावलं पुढे असेन आणि तिथून तिरकं मागे पाहून फोटो काढला असेल, तर लांबच्या पट्ट्यातला गडी फुकटात पुढे दिसतो. लांब लेन्स दोघांमधलं अंतर असं दाबून टाकते की हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पाय दिसले असते, पांढरी रेषा दिसली असती, तर कुणी फसलं नसतं.

इथे कलम २ रद्द करतो. एकोणतीस वर्षं माझी समजूत होती की पाय उपसंपादकांनी कापले. परवा निगेटिव्ह काढून उजेडासमोर धरली. तिच्यातही पाय नाहीत. पाय मीच कापले. पट्टी आणि कात्री माझ्याजवळच राहू द्यावी, आणि उपसंपादकांना माझा नमस्कार कळवावा. पोहण्याच्या शर्यतीतल्या पाण्याबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे.

कलम ५. ती निगेटिव्ह धाकट्याला.

हे लिहिलं आणि खोडायला घेतलं. धाकट्याकडे जाऊन सगळं सांगितलं. तो केळं खात होता.

"दादा, मला काय विचारतोस? मी पुढे बघत होतो."

"तुला काय वाटलं होतं? कोण आलं पहिलं?"

"तू सांगितलंस मी आलो. तू मोठा." मग हसला. "नोकरी परत करू का? आठच वर्षं उरलीत. मुलांना सांगतो, तुम्ही जे पळालात ते सगळं रद्द."

मीही हसलो. पण त्याने उरलेलं केळं खाल्लं नाही, सालीत गुंडाळून ठेवलं आणि भिंतीकडे पाठ करून बसला.

कलम ५, दुसऱ्यांदा. निगेटिव्ह शिडीला.

त्याच्याही दुकानात गेलो. तो काच कापत होता.

"काय फोटोवाले, आज हात रिकामेच?"

मी सांगितलं. पट्टा, तिरका कोन, पंच, 'हो', सगळं. त्याने काच पूर्ण कापून घेतली, कड बोटाने तपासली.

"मी तुम्हाला तेव्हाच विचारलं होतं. चौकटीला आणलात तेव्हा. पाय का नाही घेतले म्हणून."

"मी काय म्हणालो?"

"तुम्ही मला लांब लेन्सचे फायदे सांगितले. अर्धा तास."

हे मला आठवत नाही. पण आवाज माझाच वाटतो.

"तू काही बोलला का नाहीस?"

"काय बोलू? फोटो चांगला होता. माझाही चेहरा चांगला आला होता. दुसरा कोणी माझा असा फोटो काढलेला नाही." मग म्हणाला, "आता ती काळी पट्टी मला देऊन काय करू? चौकट करू तिला?"

म्हणजे धाकट्याला देववत नाही, शिडीला नको आहे. जाळावी, तर तो पुरावा नष्ट करणं होतं; ठेवावी, तर पुरावा आहे तो कशाचा, ते माझं मलाच कळत नाही. उंबऱ्यावरचा दिवा आतही उजेड देतो आणि बाहेरही, असं वडील सांगत. माझा फोटो उंबऱ्यावर आहे खरा, पण उजेडाचा पत्ता नाही. वकीलबाई म्हणाल्या, "कलम पाच रिकामं सोडा." सोडलं आहे.

कलम ६. शनिवारी करायचं काम. मी जिवंत असलो तर मी करीन, नसलो तर पुतणीने करावं.

फोटोत धावणाऱ्यांच्या मागे दोन गोष्टी दिसतात: दिव्याचा एक खांब, आणि त्याच्याही मागे प्रेक्षकांच्या जिन्याचा कठडा. खांब बरोबर कठड्याच्या टोकावर आलेला आहे. दोन्ही अजून तिथेच उभे आहेत, सोमवारपर्यंत. वीस तारखेला, शनिवारी, सकाळी सात वाजता मैदानावर जावं. जुना कॅमेरा, दोनशेची लेन्स आणि फोटोची प्रत बरोबर घ्यावी. शेवटच्या रेषेवर, आतल्या कडेला, दोन्ही पाय रेषेवर ठेवून उभं राहावं. खाली बघून खात्री करावी. मग लेन्समधून बघावं. खांब कठड्याच्या टोकावर आला तर मी रेषेवर होतो. दोघांमध्ये फट दिसली तर नव्हतो.

शिडी आणि धाकटा, दोघांनाही कळवलं आहे. शिडी म्हणाला, "सातला दुकान बंदच असतं, येतो." धाकटा म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे येणार, पण उशिरा. निकाल काहीही लागो, आधी शिडीला सांगावा. गेल्या खेपेला निकाल ऐकणाऱ्यांत तो दुसरा होता.

काम झालं की दोनशेची लेन्स पुतणीची. म्हणजे कलम ४ पुन्हा चालू.

कलम ७. कॅमेऱ्याची बॅग, झाकणांसह (आजमितीला तीन, तिन्ही चुकीच्या मापाची), जो मागेल त्याला.

हे सगळं मी वाचून पाहिलं आहे. खाडाखोड माझीच आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर करायची वेळ आली तर सरळ ओळीत करण्याचा प्रयत्न करीन.

स्थळ: आमचं जेवणाचं टेबल.
दिनांक: अठरा, गुरुवार, दुपार.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिला: लेन्स दुरुस्त करणारे. यांनी आमच्यासमोर सही केली, हात थरथरत नव्हता. दोनशेची लेन्स मी स्वतः तपासली आहे, तिच्यात काही दोष नाही. (सही)

साक्षीदार दुसरी: शेजारच्या ग्रंथपाल. वरच्यासारखंच. यांच्याकडे दोन पुस्तकं थकीत आहेत, ती इस्टेटीत धरू नयेत. (सही)

सह्यांच्या खाली लिहिलेलं कोर्ट धरत नाही, असं वकीलबाईंनी बजावलं आहे. म्हणून हे इथे लिहितो.

शनिवारी फट दिसेल की नाही, याची मला फारशी काळजी नाही. जे दिसेल ते दिसेल, आणि ते दोघे माझ्यापेक्षा समजूतदार आहेत. पंचांनी विचारलं तेव्हा मी खाली पाहिलं नव्हतं. पाय कुठे होते ते मला त्या दिवशीही माहीत नव्हतं, आणि तरी मी क्षणाचाही विलंब न लावता 'हो' म्हणालो. त्या फोटोत आमचा धाकटा वीतभर मागे दिसला असता, तर मी तितक्याच पटकन 'हो' म्हणालो असतो का? ते शोधायला कुठला खांब नाही आणि कठडाही नाही. मला माहीत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.