ताईला झोप लागेल अशी बोट

९ फेब्रु., हिंगणघाट

मंदाताई सकाळच्या एसटीने समुद्रपूरहून हजर. चहाच्या आधी पिशवीतून टेप काढला नि थेट दुकानामागच्या गोडाऊनचं फाटक मोजायला गेली. मी गल्ल्यावर, समोर गिऱ्हाईक साडीचा पदर पाहतंय, आणि मागून आरोळी : "सुषमा, सहा फूट रुंद असंन तं आत जाते व! सात असंन तं खांब तोडा लागते!" गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं. म्हटलं, नणंद आहे माझी, बोट घेतोय आम्ही. त्या बाईने साडी घेतलीच नाही.

हे (म्हणजे आमचे हे, ताईचे धाकटे बंधू) दिवसभर हसत होते. "कापडाच्या दुकानात बोट. आरटीओवाल्याले सांगजो, नवा माल आला म्हणून."

डिसेंबरात केरळला हाऊसबोटीवर राहिलो, तेव्हापासूनचं हे खूळ. सकाळी टूरवाल्याने उतरा म्हटलं. सगळी नोकरी कंडक्टरकीत काढून जिने लोकांना उतरवलं, ती ताई स्वतः कठडा धरून बसून राहिली. "आपली राह्यती तं कोणाच्या बापानं उतरवलं असतं?" मी तिथल्या तिथे म्हटलं, घेऊ. छोटी, ट्रॉलीवर चढणारी, दुकानाच्या बोलेरोमागे ओढून नेता येईल अशी. थंडीत इकडची धरणं, मग कोकणातल्या खाड्या, मग परत केरळ.

रिटायर झाल्यापासून ताई समुद्रपूरच्या दोन खोल्यांत एकटी. बोलणंच कमी झालं होतं तिचं. परवा फोनवर मात्र नुसत्या नांगरावर कितीतरी वेळ बोलली. मला फार बरं वाटलं.

२१ फेब्रु.

सापडली! मालवणकडचे एक कांबळी आहेत, जुन्या बोटी दुरुस्त करून विकतात. त्यांनी फोटो पाठवले. पांढरीशुभ्र, फायबरची. पुढे केबिन. केबिनला दार, दाराला कडी! आत दोन गाद्या, इवलीशी शेगडी, गोल खिडक्या, निळे पडदे. (पडदे टेरिकॉटचे दिसतात. काढून टाकीन, सुती शिवीन.) कुठल्याशा थंड देशातून आलेली. डोलकाठी आडवी पाडता येते, तळ उथळ, वजन बोलेरोला झेपण्यासारखं. दिवसभर गल्ल्याखाली फोन धरून तेच फोटो पाहिले. लग्नाचा अल्बमही एवढा पाहिला नसेल.

ताईला पाठवले. उत्तर आलं : "डब्बा चांगला आहे. झाकण कुठून उघडते?"

तिचं हे जुनं. बंद जागेत जीव घाबरा होतो. लिफ्टमध्ये चढत नाही, दार लावून झोपत नाही. मी लिहिलं, खिडक्या आहेत की. ती : "पोयीएवढ्या?" (पोळीएवढ्या!)

बघू. मनवीन.

१५ मार्च

कापूस मार्केटचं मैदान आता रिकामं. ओळखीत एक छोटी ट्रॉली मिळाली, ती बोलेरोला जोडून मागे घेण्याची प्रॅक्टिस. पुढे सगळेच चालवतात. मागे घेताना स्टिअरिंग एका बाजूला फिरवावं तर ट्रॉली दुसऱ्या बाजूला पळते. आणि बोट पाण्यात सोडायची म्हणजे उताराने मागेच जायचं.

ताईने शिट्टी आणली होती. एसटी मागे घेताना वाजवायची ती. "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... थांब व! भिंत खातं का?" चहावाला, हमाल, दोन गाई, सगळे बघायला. संध्याकाळी एकदा सरळ गेली. ताईने तोंडानेच डबल बेल दिली, टण टण, नि भर मैदानात मला मिठी मारली. दुकानात परत आले तर साडीला ग्रीस. धुतलं तरी निघालं नाही, नि मला त्याचं काही वाटलंही नाही.

१९ एप्रिल

आज वाईट झालं.

जुन्या रॅकच्या प्लायवूडची, केबिनच्या मापाची एक खोली गोडाऊनमध्ये उभी केली. छतही टाकलं. बोट तिकडे, आम्ही इकडे, झोपता येतं का ते आधी कळायला नको? मी आत जाऊन पडले. गरम होत होतं, पण मला ती जागा आवडली, आतून आपली वाटली. मग ताई गेली. गेली तशी बाहेर. चेहरा पांढरा, घामाने ब्लाऊज ओलं. पाणी प्यायली नि म्हणाली, "तू घे सुषमा. तुह्यं मन आहे त्यात. मी काठावर बसून तुले हात दाखवत जाईन."

थट्टा नव्हती ती. काठावर बसलेल्या ताईला हात दाखवत मी एकटी कुठे जाणार? ती नाही तर मला बोट नको. पण ती केबिन सोडवतही नाही. कडी असलेलं दार, आतली ती गादी. भरल्या घरात नि भरल्या दुकानात जन्म गेला, मला एक इवलीशी खोली हवी होती.

२२ एप्रिल

सुचलं!! कूलर!

आपण वर्ध्याची माणसं. उन्हाळ्याला आपलं एकच उत्तर. लहान, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. हे म्हणाले, "बोटीत कूलर? पाण्यात पाणी?" म्हणाले खरे, पण नागपूरला गेले तेव्हा घेऊन आले.

३ मे

बाहेर जाळ. गोडाऊनच्या पत्र्यावर पापड भाजला असता. प्लायवूडच्या खोलीत कूलर लावला, त्याच्या वाळ्याच्या ताट्या भिजवल्या. काय तो वास! ताई कुरकुरत आत गेली, दार सताड उघडं. थोड्या वेळाने आवाज नाही म्हणून डोकावले, तर घोरतेय. मी दार हळूच अर्धं लोटलं. घोरतेय. पूर्ण लोटलं. घोरतेच आहे! कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये एकटी नाचले. हे काही शोधायला आले होते, बघून तसेच परत गेले.

ताई उठल्यावर : "बाप्पा, हे त गारेगार आहे. चालते."

कांबळींना फोन. "आम्ही कूलर आणतोय." "एसी म्हणता?" "नाही हो, कूलर. पाण्याचा." मग : "पाण्याचो? बरां. येवा तर खरा."

१२ मे, वाटेत, मुक्काम सोलापूरच्या अलीकडे

बोलेरोत मी, ताई, मागे कूलर, दशम्या, ठेचा, पाण्याचे कॅन. मी चालवतेय, ताई शेजारी बसून प्रत्येक गाव आल्यावर त्याचं नाव ओरडते, जणू कोणी उतरणार आहे. चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, कूलर विकायला चाललात का? ताई म्हणाली, "नाई, समुद्र थंडा कराले." तो खुळ्यासारखा बघत राहिला, आम्ही गाडीत बसेपर्यंत हसत होतो.

१४ मे, मालवणजवळ

बोट फोटोपेक्षा सुंदर. हात लावून पाहिला. गुळगुळीत.

दुपारी खाडीत नांगर टाकून कूलर लावला. कांबळी बाजूला हाताची घडी घालून उभे. पंखा फिरला. वारा आला. पण गारवा नाही! चिकट, ओला वारा, आंघोळीनंतर अंग पुसायचं राहून जावं तसा. चादर दमट, उशी दमट, काडेपेटीतली काडी पेटेना. जितकं पाणी घालावं तितकं जास्त शिजायला होत होतं. कांबळी अखेर म्हणाले, "बाये, हय हवाच भिजलेली. तिका आणखी भिजवून काय होतला?" कूलर कोरड्या हवेत चालतो! जूनमध्ये ढग आले की घरचा कूलरही असाच चिकचिक करतो, दर वर्षी आपण बंद करतो. लहान पोराला ठाऊक असलेली गोष्ट, आणि मी एवढ्या लांब कूलर वाहून आणला.

ताई साडी वर खोचून बाहेर निघाली. गुडघाभर पाण्यातून किनाऱ्यावर गेली. म्हणाली, "मी एसटीनं जाते घरी. तू पाह्य तुह्यं." मी केबिनमध्ये बसून रडले. मग केबिनमध्ये रडताही येईना इतकं उकडलं, म्हणून बाहेर येऊन रडले.

१५ मे

ताई गेली नाही. एसटी दुपारनंतर होती. मी कांबळींच्या ओटीवर बसलेले, ताई दिसेना. उन्हं कलल्यावर शोधत गेले तर खाडीच्या कडेला त्यांची दुसरी बोट, जुनी, उघडी, रुंद, सपाट तळाची, रंग उडालेला. कोणी घेत नाही म्हणून पडलेली. तिच्यावर शीड आडवं टाकून सावली केलेली नि त्या सावलीत, फळ्यांवर, ताई. गाढ झोपलेली! समुद्राकडून वारं सुटलं होतं, ते शिडाखालून या बाजूने शिरून त्या बाजूने जात होतं. पदर फडफडत होता तिचा. एसटी केव्हाच गेली होती. मी उठवलं नाही.

तिथेच चिखलात उभी राहून स्वतःला जोडे मारावेसे वाटले. आम्ही उन्हाळ्यात घरात कधी झोपलो? जन्मभर गच्चीवर, मच्छरदाणी लावून! आणि पाण्यावर गेल्यावर म्हणे खोली पाहिजे. त्या थंड देशातल्या लोकांना थंडी बाहेर ठेवायची होती, त्यांनी दार केलं. आपल्याला वारा आत घ्यायचा आहे.

कांबळींना म्हटलं, ही उघडी कितीला? ते आनंदाने एवढे गडबडले की आधी चहाच मागवला. हलकी आहे, ट्रॉलीवर सहज चढते, गुडघाभर पाण्यात चालते. पावसाआधी निकालात काढायची आहे, जूनच्या मध्यापर्यंत थांबतो म्हणाले.

ताई उठली तेव्हा सांगितलं. "झोप लागली ते थकली होती म्हणून," ती म्हणाली. "राती डास येतीन, मंग तू पडदे लावशीन, मंग पुन्हा डब्बा." हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

कूलर कांबळींच्या घरीच ठेवतोय. ते त्यात कोंबडी बसवीन म्हणतात.

२ जून, हिंगणघाट

आता उघड्या बोटीचं छत हे माझं काम. बोटीतलं मला कळत नाही, कापडातलं कळतं. ताडपत्री बाद, खाली भट्टी होते. काळं-निळं बाद. पांढरं जाड सुती कॅनव्हास, त्याच्या वर वीतभर अंतर सोडून दुसरं पांढरं कापड, म्हणजे ऊन पहिल्यावरच अडेल नि मधून हवा जाईल. बाजूंना कापड नाहीच, नुसती जाळी. जाळी बारीक पाहिजे, कांबळी म्हणतात खाडीत डोळ्याला न दिसणारे किडे असतात. पण फार बारीक घेतली तर वारा अडतो. प्रत्येक जाळी तोंडासमोर धरून फुंकर मारून पाहिली. हे म्हणाले, गिऱ्हाईक घाबरतात. आडोशासाठी एक पडदा वेगळा, संडासाच्या बादलीपुरता. ते लागतंच, लाज कसली.

अंगठा कापडावर फिरतोय नि डोळ्यांसमोर खाडी. दुकानात एवढी मजा मला लग्नाच्या सीझनलाही येत नाही.

९ जून

ढग दाटलेत, पाऊस नाही, हवा हलत नाही. अंगावर कपडा सोसत नाही असा उकाडा. मुद्दामच आज ताईला बोलावलं. आज झोप लागली तर कुठेही लागेल.

कांबळींनी कळवलेल्या मापाने गच्चीवर दुकानातल्या खडूने अख्खी बोट काढली. इथे डोलकाठी, इथे सुकाणू, इथे आडवी फळी, मधली जागा झोपायची. चार बांबू, वर दुहेरी पांढरं छत, चारी बाजूंनी जाळी. शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाली, पूजा आहे का? हे वर आले, बोटीबाहेर चप्पल काढून आत बसले, नि म्हणाले, "सुकाणू कोणाजवळ?" मी म्हटलं, तुम्ही उतरा, वजन होतंय.

दिवस मावळायच्या सुमाराला ताई आत शिरली. मी खडू हातात धरून तिच्या मागे. जाळीला हात लावला, ओढून पाहिली, गाल टेकवला. "इकडून वारा येऊन राह्यला थोडा," म्हणाली. मग आडवी झाली.

आणि पाय बाहेर. मी बुटकी, ताईच्या उंचीचा मी विचारच केला नव्हता. आडव्या फळीची खडूची रेघ तिच्या पोटऱ्यांवर येत होती. मला वाटलं, झालं. आता म्हणेल, राहू दे, हात दाखवीन काठावरून.

ताई उठून बसली. रेघेकडे बघितलं. पदराने ती खसाखसा पुसून काढली, माझ्या हातातला खडू घेतला नि चांगली हातभर पुढे नवी रेघ मारली. परत झोपली, पाय ताणून पाहिले. डोळे मिटूनच म्हणाली, "उद्या त्या मालवणवाल्याले इचार, ते फळी सरकते का. नसंन सरकत तं हे बोट आपल्या कामाची नाई, दुसरी पाहू."

मी हो म्हटलं. ती झोपली आहे, मी तिच्या शेजारी जाळीत बसून हे लिहितेय. फळी सरकते की नाही, मला काही कल्पना नाही.