हात लावू नये

मंगळवार, ६ मे २०२५
अंकिताची हळद रविवारी. शालूबाई, माझी धाकटी जाऊ, आज मुद्दाम सांगून गेली— "आक्का, तुमी खुर्चीत निवांत बसा. हळद लावायचं आमी सवाष्णी बघतो." लय काळजी माझ्या गुडघ्यांची! आमचे हे गेल्यापासून नऊ वर्षं ती मला खुर्च्याच देती. अंकिताची आई गेली, तवा ह्या नातीला न्हाऊमाखू मीच घातलं. तवा कुणी खुर्ची आणली न्हाई.

गुरुवार, ८ मे
अंकिताबरोबर साताऱ्याला. चुडा भरला. मग म्हणाली, "आजी, चल, म्युझियम दावते. लय जुनं हाय." जुनं बघायला तिकीट कशाला, घरात आरसा हाय की. पण गेले.

जुनी संस्थानी कचेरी. भिंती हातभर जाड, गारवा फुकट. तलवारी, तोफगोळे, फुटका रांजण. असले दोन आमच्या परड्यात हायत, कोंबड्या बसतात.

मग एक दगडाची बाई. हातात ताट, नाक तुटलेलं, तरी हसरी. शेजारी पाटी— हात लावू नये. मला लय बरं वाटलं. गावच्या देवळात हा नियम एकट्या मला. इथं शालूबाई आली तर तिलाबी!

पण देवी, आणि कपाळ कोरं? कासारानं चुड्याबरोबर दिलेली हळदीकुंकवाची पुडी पिशवीत होती. लावलं. नऊ वर्षांनी बोटं पिवळी झाली.

राखणदार नाथाजी पळत आला. "आवं आजी, काय केलंसा?"
"देवीला कुंकू लावलं."
"देवी न्हाई ती. खालचं वाचा."

चौथीपर्यंतची मी, बोट ठेवून वाचलं. नवऱ्यामागं गावाला तळं बांधून देणारी बाई. नाव झिजल्यानं वाचता येत नाही.

म्हणजे आमच्यातलीच! आणि छत काय कोसळलं न्हाई.

नाथाजी कापसानं पुसत कुरकुरला, "हळद दगडात शिरली. लवकर जायची न्हाई."

शुक्रवार, ९ मे
शालूबाईनं माझी खुर्ची पुसून ठेवलीय. उशीसकट.

रविवार, ११ मे
पहिली हळद मी लावली. अंकितानं गाल पुढं केला, डोळे मिटले. शालूबाई म्हणाली, "आक्का, हात लावू नये."
म्हणाले, "पाटी कुठाय?"
मग तिला खुर्ची दिली. लय वेळ उभी होती बिचारी.