आईचा एकुलता फोटो

कळवा,
१६ मार्च २०२५

ती. दादास,
सविनय जय भीम, वि. वि.

आठ दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. शीलावहिनीने सांगितलंच असेल, आईचा तो फोटो माझ्या हातून फाटला. फ्रेम करून आणते म्हणून नेला, तेही खोटंच होतं.

ठाण्याला योगिनीताईंकडे मी दर रविवारी एक काम शिकतेय. कॅमेऱ्यातून लगेच निघतो ना, तसा फोटो घ्यायचा, कडा कापून कोमट पाण्यात सोडायचा. चित्राचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटून तरंगायला लागतो. तो मऊ ब्रशने ओल्या कागदावर उतरवायचा. नऊ फोटोंवर हात बसवला. दहावा आईचा. पाणी जास्त गरम झालं, मी घाई केली, आणि गालापासून कानापर्यंत थर फाटला. तसाच कागदावर उतरवून ठेवलाय.

एरवी तोंडावर पदर धरणारी आई त्या एकाच फोटोत मोकळी हसलेली. फोटो एक आणि आपण दोघं. कागदावर उतरवून तुलाच परत देणार होते, पण त्यात माझाही हात असावा असं वाटलं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.

राग धर, पण लोभ सोडू नकोस.

तुझी,
अमृता

मानपाडा, डोंबिवली,
२३ मार्च २०२५

चि. अमृतास,
अ. आ.

फोनवर आवाज चढेल, म्हणून मीही कागदच घेतला.

मोबाइलमध्ये कॉपी आहे, असं शीला समजावते. पण डिसेंबरात तू तो फोटो काढलास तेव्हा थंडी होती. ऊब मिळाली तर चित्र नीट उमटतं असं तू म्हणालीस, म्हणून आईने तो काखेत धरून ठेवलेला. मी समोरच उभा होतो. कॉपी काय, ती कुणाच्या काखेत नव्हती.

तरी फोटोचं दुःख निवळलं असतं. तू विचारत नाहीस, हे निवळत नाही. जानेवारीत ऑपरेशन ठरलेलं असताना आईला हॉस्पिटलमधून घरी आणलंस. मी कंपनीत ड्यूटीवर. मला फोन आला तो ती घरी पोचल्यावर. अकराव्या दिवशी ती गेली. आजवर मी त्यावर एक शब्द काढला नाही. आता काढलाय, तर उत्तर दे.

सान्वी आत्याची आठवण काढते.

सम्यक

कळवा,
२८ मार्च २०२५

ती. दादास,
सविनय जय भीम.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

घरी न्यायचं आईनेच ठरवलं. डॉक्टरांनी ऑपरेशनची खात्री नाही म्हटल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली की मला माझ्या खाटेवर ने. मी म्हटलं, दादाला विचारते. तर म्हणाली, त्याला विचारू नकोस. तो आधी नाही म्हणेल, मग माझ्यासाठी हो म्हणेल, आणि मग आपणच हो म्हटलं म्हणून जन्मभर झुरत बसेल. तू तिखट आहेस, तुला झेपेल.

मला झेपलं नाही, दादा. हे तुला कधी सांगणार नाही असं तिला वचन दिलेलं, म्हणून गप्प राहिले. तू माझ्याशी तुटक वागायला लागलास तेव्हाही गप्प राहिले. त्या फोटोपुढे बसले होते ना, तेव्हा तिचं तेच बोलणं आठवत होतं. पाण्याकडे लक्षच नव्हतं.

वचन मोडलं. आता तू काय म्हणशील ते कबूल.

तुझीच,
अमृता

मानपाडा, डोंबिवली,
३ एप्रिल २०२५

चि. अमृतास,
जय भीम आणि अ. आ.

पत्र कंपनीच्या गेटवर उभ्यानेच वाचलं. मग आत जाववेना, परत घरी आलो. शीलाला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, सासूबाई माणूस ओळखून होत्या.

आईचं खरं आहे. मी तसाच झुरलो असतो. पण मग तू एकटी झुरलीस आणि मी तुलाच दोष देत बसलो. हेही काही बरं झालं नाही.

रविवारी सान्वीला घेऊन ठाण्याला येतो. पाण्यातून फोटो निघतो तो मला बघायचाय. कंपनीत रंगाच्या टाकीचं तापमान सांभाळतो, पाणी किती गरम हवं ते मी बघतो. फाटलेल्या फोटोचा तो कागद टाकू नकोस. तुझ्याच भिंतीला लाव, मी तिथे येऊन बघत जाईन.

आणि यापुढे विचारत जा. मी नाही म्हणणार हे माहीत असलं, तरी विचारत जा.

माया आहेच, ती मागायची गरज नाही.

तुझा,
दादा