खाटेवरची कॉफी

१४ जानेवारी
प्रशांतचा खोकला — बसला, पण पहाटे उठतोच. सूनबाई रजनीची कंबर? “बरी आहे, आई,” म्हणते आणि वाकताना भिंत धरते. शेजारच्या सुपडू भाऊजींना काय होतंय, जीभ ठणठणीत आहे. आणि माझी कॉफी — ती सगळ्यांत बरी. दक्षिणेच्या यात्रेहून रोपं आणून शेतातल्या विहिरीपाशी शेवग्याच्या सावलीत लावली होती, त्यांना यंदा फळं धरली. काल तोडली, आज मच्छरदाणी अंथरून खाटेवर पसरली. शेणानं सारवलेल्या अंगणात नाही, कॉफी तो वास धरते म्हणे. फोनवर कूर्गची एक बाई सगळं दाखवते.

प्रशांत म्हणाला, “आई, तुझी झाडं माझी ओळ मोडतात. होळीनंतर केळी लावताना काढून टाकतो, सीधी बात.” निंबोला गावात त्याच्यासारखी केळीची सरळ ओळ कुणाची नाही, हे खरं.
मी म्हटलं, आधी पी. मग काढ.

१८ जानेवारी
फळं काळी पडली. सुपडू भाऊजी कुंपणावरून — “वहिनी, बकरीच्या लेंड्या बी वाळवायला लागल्या का?”
“हो, तुमच्यासाठी.”

२१ जानेवारी
बुऱ्हाणपूरला इतवाऱ्याच्या बाजारात गेले होते. परत येते तो काय — खाटेवरची अर्धी फळं कढईत, खाली जाळ! रजनी घामाघूम. “तुमची लवकर वाळावी म्हणून, आई. हळद नाही का आपण आधी उकळत?”
दुखत्या कंबरेनं एवढी कढई चढवली पोरीनं. कंबरेला तेल चोळून दिलं. अर्धी गेली, अर्धी आहे. अर्धीतही कॉफी होतेच.

२८ जानेवारी
आभाळ आलं. खाट उचलून आत घेतली. मी ओटीवर निजले, कॉफी माझ्या जागी.

९ फेब्रुवारी
एक फळ कानाशी हलवलं. आत बी खुळखुळतं!

१२ फेब्रुवारी
उखळात हलक्या हातानं कांडली, सुपानं पाखडली, कढईत भाजली. जरा जास्तच भाजली. घरभर धूर.
दळून उकळली, सगळ्यांना दिली. खरं लिहिते — जळकट लागली. रजनीनं साखर घातली, मग आणखी घातली. सुपडू भाऊजी म्हणाले, “औषध चांगलं आहे, वहिनी. कशावर घ्यायचं?”
“जिभेवर.”
प्रशांतनं पेला रिकामा केला, खाली ठेवला. शेतात गेला.
पुढच्या वर्षी कमी भाजीन. म्हटलं खरं पुढच्या वर्षी. झाडं कुठं राहणार आहेत? पण मी हलणार नाही. आधी मला उपटा म्हणावं.

७ मार्च
आज केळीचे खड्डे आखायचे. पाट घेऊनच गेले, झाडांपुढे बसायला.
बसावं लागलं नाही. प्रशांतची दोरी सगळ्या शेतात सुतासारखी सरळ — आणि विहिरीपाशी माझ्या झाडांना वळसा घालून गेली आहे.